मावशी, ठोके मी ऐकले नव्हते

मावशी,

परवा नाशिकला गोदावरीवर, आपल्या गंगेवर, तुझी दशक्रिया झाली. आधी महाराजांचं प्रवचन झालं, मग माइकवर श्रद्धांजल्या. नगरसेवकांनी तुझं नाव यमुनाबाईऐवजी जमुनाबाई घेतलं, तुझ्या पुतण्याने सांगितल्यावर पुन्हा जमुनाबाईच घेतलं. मग आपल्या प्रसूतिगृहाचे डॉक्टर बोलले. म्हणाले, "मावशींकडे आपल्या परंपरेतलं ज्ञान होतं. अडलेल्या बाईला नुसत्या श्वासावर मोकळं करायच्या." लोकांनी माना हलवल्या. मग कोणीतरी म्हणालं, "सिस्टर शिकलेल्या आहेत, त्यांना दोन शब्द बोलू द्या," आणि माइक माझ्या हातात आला.

मी म्हणाले, "मावशी फार प्रेमळ होत्या. त्यांनी आम्हाला खूप शिकवलं." आणि माइक परत दिला. लोकांना वाटलं, मला भरून आलं. भरून आलं नव्हतं, मी घाबरले होते. समोर डॉक्टर बसले होते आणि नऊ वर्षांपूर्वीची एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नव्हती. तुलाही नाही.

आता तुला लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, म्हणून हे लिहिणं सोपं आहे. हेही आधीच कबूल केलेलं बरं.

पंच्याण्णव साली मी सातपूरच्या त्या प्रसूतिगृहात रुजू झाले. बी.एस्सी. नर्सिंग, फर्स्ट क्लास. आमच्या घराण्यात पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. वडील दिंडोरीच्या द्राक्षबागांत औषध मारायला जायचे, आई छाटणीला. शाळेत एकच गोष्ट पक्की शिकवली होती, मोठ्या माणसाला अहो-जाहो करायचं. म्हणून लेबर रूममध्ये पहिल्या दिवशी मी तुला म्हणाले, "मावशी, तुम्ही जरा सरकता का?"

तू मागे वळून बघितलंस. "कोणाला म्हणती? मागं सायेब उभा हाय का कोणी?"

त्या दिवसापासून तू माझी 'तू' झालीस आणि मी तुझी 'ए ग्रॅज्वेट'.

त्या वेळी आम्ही बायकांची बाळंतपणं कशी करायचो ते आठवलं की आता लाज वाटते. पिशवीचं तोंड उघडलं की पलंगाभोवती उभ्या राहून सगळ्याजणी एका सुरात ओरडायचो, "जोर लाव! दम कोंड! सोडू नको, अजून, अजून!" कॉलेजातही हेच शिकले होते. श्वास भरून कोंडायचा, हनुवटी छातीला लावायची आणि खाली जोर. बायकांच्या डोळ्यांतल्या शिरा फुटायच्या. लांबलं तर कोणीतरी स्टुलावर चढून कोपराने पोट दाबायचं. ते काम खरं तर आयाचं, म्हणजे तुझं, पण तू ते कधी केलं नाहीस. "पोट हाय ते," तू म्हणायचीस, "पिठाची गोणी नाय, दाबून दाबून भरायला."

तुझी पद्धत मी पहिल्यांदा पाहिली ती एका कंपनी कामगाराच्या बायकोवर. तिसरी खेप, पण आधीच्या दोन्ही वेळांची इतकी धास्ती, की कळ यायच्या आधीच ती पलंगाची कड धरून बसायची. तू तिला डाव्या कुशीवर वळवलंस. तिची हनुवटी दोन बोटांत धरून हलवलीस. "दात सोड. वर आवळलं की खाली बी आवळतं." मग म्हणालीस, "नाकानं घे. आता तोंडानं सोड, गरम चहावर फुंकर मारती तशी. हळू. चहा सांडायचा नाय." ती म्हणाली, "मावशी, कुंथावंसं वाटतंय." तू म्हणालीस, "आपण होऊन कुंथायचं नाय. अंगातून आलं तर अडवायचं बी नाय. येऊ दे. फक्त दम कोंडू नको." डोकं दिसायला लागल्यावर तू तिला बारीक बारीक श्वास घ्यायला लावलास, "फू, फू, फू, उन्हात कुत्रं धापतं तसं." बाईला हसू आलं. हसता हसताच डोकं बाहेर आलं. एक टाका पडला नाही.

बाहेर तिची सासू दाराला कान लावून उभी होती. "आवाज कसा नाय? आमची जोर लावती का नाय? आळशीच हाय ती पहिल्यापासून."

तू दार उघडून म्हणालीस, "आत्याबाई, तुमची सून बाळ काढतीय. बंद पडलेली गाडी ढकलत नाय."

मला वाटलं, हे आजी-पणजीकडून आलेलं काहीतरी जुनं ज्ञान आहे. मी वही घेऊन बसले आणि तुला विचारलं. तू हसून हसून खोकलीस. "आजी? आजी तर पाठीत बुक्के घालायची. केसांचा पुंजका कोंबायची घशात, उमासा येऊन पोर बाहेर पडावं म्हणून. कसली परंपरा घेऊन बसलीस?" मग खरं सांगितलंस. तू देवळाली कॅम्पात एका लष्करी साहेबाच्या बंगल्यावर कामाला होतीस. त्यांची बायको, मद्रासकडची, पोटुशी होती. तिच्याकडे चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक होतं. दुपारी व्हरांड्यात सतरंजीवर पडून ती फुसफुस करायची आणि तुला बोटांच्या पेरांवर मोजायला बसवायची. "मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. तर बाळंत झाल्यावर चौथ्या दिवशी पोरगी घेऊन आली, आपल्या पायानं पायऱ्या चढून. मला माझ्या येळेला पंधरा दिवस बसता येत नव्हतं."

यावरून आपलं भांडण झालं, आणि ते मिटलंच नाही. मी म्हणाले, परंपरा म्हटलं की लोक मान देतात, मी तसंच लिहिणार. तू म्हणालीस, "लिही. पण मेमसाबचं नाव घाल."

"नाव काय होतं?"

"मेमसाब."

परवा डॉक्टरांनी माइकवर जे म्हटलं ते परंपरेचं वाक्य माझंच होतं. मीच त्यांना कधीतरी ऐकवलं होतं. तुझं बरोबर होतं. आपल्याला दुसऱ्याकडून मिळालेलं आपण आपलं म्हणून सांगत होतो, आणि ज्या बाईने दिलं तिचं नावही धड माहीत नव्हतं.

पण पुस्तकात नसलेली एक गोष्ट तू स्वतः शोधून काढली होतीस, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची होती. तू मला पहिल्याच महिन्यात सांगितलीस. "बाई ओरडली तर सगळे धावतात. ती गप आसली तर तिच्यावतीनं तू जागी राहायचं. प्रत्येक कळ गेली की पोटाला नळी लाव. ठोके ऐक. आपण तिला शांत ठेवतो ना, मग आपल्याला शांत बसायची मुभा नाय." बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायचं यंत्र होतं ते, आम्ही त्याला नुसतं नळी म्हणायचो. ऐकून आकडा केसपेपरवर लिहायचं काम माझं होतं. तुझं नव्हतं. तुला ती कानांत घालायची परवानगी नव्हती आणि आकडा लिहिता येत नव्हता.

आता मंगल.

सत्त्याण्णवचा द्राक्षतोडणीचा हंगाम. मंगल, वय वीस, पहिलटकरीण, दिंडोरीच्या पुढच्या एका गावची. माझ्या गावापासून दोन थांबे पुढे. घरची सगळी माणसं बागेत, म्हणून एकटी सासू घेऊन आली होती. दुपारची वेळ. डॉक्टर वर घरी जेवायला गेले होते. हाक मारली की खाली येतील इतक्या अंतरावर.

पुढच्या आठवड्यात नर्सेसच्या एका मेळाव्यात मला या श्वासाच्या पद्धतीवर बोलायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा व्यासपीठावर. वडिलांना कळवलं होतं, ते येणार होते. मी एक वही केली होती. किती वाजता कळ आली, बाईने किती श्वास सोडले, किती वेळा अंगातून जोर आला. मंगल इतकी छान साथ देत होती, मावशी, तुला आठवत असेल. डोळे मिटलेले, ओठ सैल, फुंकर लांब आणि सारखी. मी लिहीत राहिले. इतकं सुंदर चाललंय म्हणजे सगळं ठीकच असणार, असं मी धरून चालले.

तू म्हणालीस, "ठोके ऐकलेस का गं?"

मी मान वर न करता म्हणाले, "ऐकलेत, मावशी."

थोड्या वेळाने पुन्हा. "सुनंदा, ठोके."

"ऐकलेत म्हटलं ना."

नळी भिंतीवरच्या खिळ्याला होती. चाळीस मिनिटं ती तिथून हलली नव्हती.

मुलगा झाला. पांढरा, ढिला. नाळ मानेभोवती दोन वेढे, आवळलेली. डॉक्टर धावत आले. जे करता येतं ते सगळं केलं. मंगलने विचारलं, "रडत का नाय?" तू तिच्या कपाळावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "नाय गं माय." एवढंच.

मी ऐकलं असतं तर तो नक्की वाचला असता असं मला म्हणता येत नाही. तेवढं वैद्यकशास्त्र मला कळतं. पण ठोके मंदावलेले कळले असते, डॉक्टर पाच मिनिटांत खाली आले असते, बाळ लवकर काढता आलं असतं. त्याला एक संधी होती आणि ती माझ्या हातात होती. माझ्या त्याच हातात पेन होतं.

त्या गडबडीत मी केसपेपर घेऊन कोपऱ्यात गेले आणि ठोक्यांचा रिकामा रकाना भरला. एकशे चाळीस. एकशे छत्तीस. एकशे चव्वेचाळीस. खरे वाटावेत म्हणून मुद्दाम वेगवेगळे आकडे घातले. घरातली पहिली पदवीधर मी, आणि शिकल्याचा उपयोग त्या दिवशी मी असा केला.

बाहेर मंगलची सासू आक्रोश करत होती. "आतून एक आवाज आला नाय! त्या म्हातारीनं जोरच लावू दिला नाय पोरीला!" डॉक्टरांनी केसपेपर पाहिला. ठोके व्यवस्थित. मग ते तुझ्याकडे वळले. "यमुनाबाई, तुम्ही तिला जोर लावू दिला नाहीत?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी केसपेपरकडे पाहिलं.

"नाय दिला," तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवसापासून तुला खाली मागच्या मोरीत चादरी धुवायला बसवलं. लेबर रूममध्ये पुन्हा सगळ्या एका सुरात ओरडायला लागल्या, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मेळाव्यात मी भाषण केलं नाही. मला ताप आलाय असं वडिलांना कळवलं, वही फाडली.

दोन वर्षांनी माझी वेळ आली. तिथेच. मी तुला बोलवायला सांगितलं नव्हतं. तू आपली आपणच वर आलीस. हाताला साबणाचा वास, बोटं पाण्याने सुरकुतलेली. माझी हनुवटी हलवलीस. म्हणालीस, "काय ग्रॅज्वेट, चहा गार करायचा का?" त्या सगळ्यानंतर तू मला हे दिलंस. मी ते घेतलं. अजून मला कळत नाही की ते घ्यायचं धैर्य मला कसं झालं.

ड्युटीवर एक नवी मुलगी होती. तू तिला म्हणालीस, "नळी गळ्यात घाल. खिळ्याला नको." मग म्हणालीस, "प्रत्येक कळ गेली की ऐक, आणि आकडा मोठ्यानं सांग. मला वाचता येत नाय, म्हणून मोठ्यानं." ती प्रत्येक वेळी आकडा सांगत होती. एकशे अडतीस. एकशे बेचाळीस. मी श्वास सोडत होते आणि मला कळत होतं की तुला पहिल्यापासून ठाऊक आहे. तू एकदाही माझ्या डोळ्यांत बघितलं नाहीस. माझी मुलगी दोन जोरांत झाली. तेही मी लावलेले नव्हते, अंगातून आलेले होते. ती रडल्यावर मी तुझा हात धरला. "मावशी, त्या दिवशी..."

"आधी पोरीला पाज," तू म्हणालीस आणि खाली गेलीस.

तू मला थांबवलंस असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. पण मोरी तीस पावलांवर होती. मला कधीही येता आलं असतं.

मी आले नाही. त्यानंतरही मी बायकांना "जोर लाव" म्हणत राहिले. "श्वास घे" म्हटलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, हे कुठे शिकलात? किती बायकांना मी विनाकारण फाटू दिलं असेल, याचा विचार मी करत नाही. करते, पण पुढे जात नाही.

शेवटच्या महिन्यात तुला दम लागायचा. चुलीचा धूर आणि मोरीतल्या सोड्याची वाफ, दोन्ही छातीत बसलं होतं. मी मोसंबी घेऊन आले. तुझा पुतण्या चहा आणायला गेला. खोलीत आपण दोघीच. तू म्हणालीस, "आता तू मोज. मला सोडताना त्रास होतो." मी तुझ्या बोटांच्या पेरांवर मोजलं. चार, पाच, सहा. मध्ये थांबून सांगता आलं असतं. सातवर तू डोळे मिटलेस आणि मी म्हणाले, "बरं वाटेल हं मावशी." आठ दिवसांनी तू गेलीस.

परवा माइक परत दिल्यावर मला झोप लागली नाही. आज सकाळी दिंडोरीची बस धरली. नऊ वर्षं माहेरी जाताना मी माझ्याच गावाला उतरायचे आणि ती बस पुढे कुठे जाते तिकडे बघायचं टाळायचे. आज दोन थांबे पुढे गेले. मंगलचं घर विचारत गेले. ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मला ओळखलं. "सिष्टर ना तुम्ही?" दोन मुलं आहेत तिला. मी म्हणाले, छान. ती म्हणाली, "दोन्ही सिझर. डॉक्टर म्हणत होते, होईल नीट, बघू. मीच नाय म्हणाले. मला जोर लावता येत नाय ना. पहिलं त्याच्यानंच गेलं."

मावशी, तुझ्यावर आळ आला एवढंच मी धरून बसले होते. तिच्यावरही आला होता. घरात भांडण झालं की सासू तिला म्हणायची, तोंड मिटून पडून राहिली आणि पोर घालवलं. नऊ वर्षं.

मी तिला सांगितलं. नळी खिळ्याला होती. आकडे खोटे होते. ती नीट करत होती, तू शिकवलंस ते नीट होतं, चूक माझी होती.

तिने तांदूळ बाजूला सारले. मग विचारलं, "त्या मावशींना ठाऊक होतं?"

"हो."

"कुठं हायेत त्या?"

"गेल्या. परवा दहावा झाला."

"म्हणजे आता तोंडावर विचारणारं कोणी उरलं नाय, म्हणून आलात."

मी म्हणाले, "उद्या डॉक्टरांना सांगणार आहे. लेखी."

"डॉक्टरांचं तुम्ही बघा," ती उठली. "आत चला. म्हातारीला सांगा."

सासू खाटेवर होती. ऐकायला कमी येतं. मी सांगितलं. ती मंगलला म्हणाली, "काय म्हणती ही?" मंगल म्हणाली, "मोठ्यानं बोला." मी पुन्हा सांगितलं. पहिल्या वेळी मी 'दुर्लक्ष झालं' असं म्हणाले होते. दुसऱ्या वेळी म्हणाले, "मी ठोके ऐकले नाहीत आणि खोटं लिहिलं." आवाज ऐकून शेजारच्या दोघी दारात आल्या. मंगलने त्यांनाही आत घेतलं आणि मला म्हणाली, "परत."

तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर म्हातारीला कळलं. ती सुनेकडे वळली. "मग तू मला कधी सांगितलं का नाय?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं," मंगल म्हणाली.

मला कोणी बस म्हणालं नाही, कोणी जा म्हणालं नाही. मी उभी राहिले.